झोप कुणाची, हट्ट कुणाचा?

माझा सात वर्षांचा नातू स्वमग्न आहे. पलंगावर निजवला, तरी पहाटे तो फरशीवर सापडे. आम्ही त्याला हट्टी ठरवून मोकळे झालो. एकदा तर मी हातही उगारला.

१९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणातून या अवस्थेचे वर्णन केले. अशा अनेक मुलांना स्पर्श, आवाज, उजेड फार तीव्रतेने जाणवतो. काहींना घट्ट दाबाने मात्र बरे वाटते. अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन यांनी त्यासाठी स्वतःपुरते यंत्रच बनवले होते.

नातवाला सांगता येत नव्हते, सुनेने ओळखले. नवी चादर खरखरीत, पलंग करकरणारा. तिने गादी जमिनीवर घातली, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर अंथरली. त्याला स्वतःला सहज दूर सारता येईल अशी आजीची गोधडी दिली. रोज तोच क्रम : दात घासायचे, दिवा मंद, तीच गोष्ट. तीन महिन्यांनी गादी पलंगावर चढली. त्याआधी पलंगाचे खिळे-स्क्रू आवळून घेतले.

आमची पिढी सतरंजीवर वाढली. मग पलंगाचा आग्रह कुणासाठी होता?

परवा रात्री डोकावलो. गळ्यापर्यंत गोधडी ओढून तो शांत झोपला होता. झोप उडाली ती माझी.