दोन पानं कमी!

वीकेण्डला मालवणात मासे खायचा प्लॅन होता. वाटेत सावंतवाडीला मित्राच्या आजीकडे थांबलो आणि माझा खिसा रिकामा झाला. आजींनी लाकडी डबी उघडली. आत हातानं रंगवलेली गोल पानं... दशावतारी गंजिफा!

दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे 120 हवीत. मोजली तर 118. वराहाचा राजा आणि वामनाचा प्रधान गायब.

"ह्यो डाव माझ्या सासऱ्यांचो. घे, पण विकू नको हां," आजी म्हणाल्या. तीन हजार मी बळेच हातात ठेवले.

हा खेळ इथंही संपतच आला होता. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970च्या दशकात राजवाड्यात कारागीर बसवून तो वाचवला. 2024 मध्ये त्याला जीआय मानांकनही मिळालं.

मला सगळा सेट चकाचक करून हवा होता (हॉलमध्ये फ्रेम, यू नो!). चित्रकारकाका म्हणाले, "खेळायचं आहे की भिंतीवर लावायचं?" मी ओशाळलो. जुन्या रंगाला हात न लावता त्यांनी फक्त दोन पानं केली. महिना लागला.

पण नव्या पानांची पाठ जास्तच लालभडक! गंजिफा तिघांत खेळतात. आजी, मित्र आणि मी बसलो. पहिल्याच डावात आजी माझ्या हाताकडे बघून हसल्या,

"वराहाचो राजा तुझ्याकडे हा मां?"