जडवाद आणि शंभर किलोचे पोते

नांदेडच्या काही प्राध्यापक मंडळींनी जडवादी तत्त्वज्ञानाचे अभ्यासमंडळ सुरू केले आणि त्यात आम्हांलाही बोलावले, तेव्हा आम्ही आधी कचरलोच. आमचे शिक्षण सातवीपुरते. पुढचे सारे वाचन मोंढ्यात, पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून झालेले. त्यातून 'जडवाद' हा शब्दच जड. खावे, प्यावे, मजा करावी, एवढेच याचे सांगणे असावे असा सर्वसाधारण समज आहे. कर्ज काढून तूप पिणारा चार्वाक सर्वांना ठाऊक असतो. परंतु लोकायतिकांचा मूळ सूत्रग्रंथ आज हाती नाही. त्यांच्याविषयी आपण जे ऐकतो ते बहुतेक त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेले; चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' हे त्याचे ठळक उदाहरण होय. संपाची हकीकत केवळ मालकाच्या तोंडून ऐकावी, तसलाच हा प्रकार. (मराठवाड्यातल्या कर्जदाराच्या ताटात तूप आम्ही तरी पाहिलेले नाही!)

जडवादाचे समाजाविषयीचे म्हणणे थोडक्यात असे, की माणसे आपली उपजीविका कशी मिळवतात हे कळल्याखेरीज त्यांचे कायदे, देव आणि रूढी उलगडत नाहीत. मराठीला हा विचार परका नाही. वाईच्या पाठशाळेत घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९४१ साली 'जडवाद' याच नावाचा ग्रंथ लिहिला.

आम्हांला तो विचार कळला तो मात्र पोत्यावरून. पूर्वी मोंढ्यात पोते शंभर किलोचे असे. चाळिशीत हमालाची पाठ जाई आणि जुनी माणसे म्हणत, नशीब! आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने वाहावयाचे ओझे ५५ किलोंहून अधिक नसावे. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पुढे हमालांच्या लढ्यांतून पोते पन्नास किलोंवर आले. पाठ तीच, पत्रिकाही तीच. बदलले ते वजन.

मंडळात खरी खडाजंगी झाली ती कॉम्रेड डांगे यांच्या प्राचीन भारतावरील १९४९ च्या ग्रंथावरून. डांगे गिरणी कामगारांचे पुढारी, म्हणजे आमचेच. दामोदर कोसंबींनी त्या ग्रंथावर कडक टीका केली होती. ती वाचताना आमच्याच अंगावर कोणी आल्यासारखे वाटले. एका बैठकीतून तर आम्ही रागाने उठून आलो. पण कोसंबी स्वतः मार्क्सवादीच होते. त्यांच्या टीकेचा आशय एवढाच, की पद्धत बरोबर म्हणून पुरावा गोळा करण्याचे कष्ट चुकत नाहीत. हा गणिताचा विद्वान जुनी नाणी तराजूत घालून बसे! हातोहाती फिरून नाणे झिजते. झीज मोजली म्हणजे ते किती फिरले याचा अंदाज बांधता येतो. हे वाचून आम्ही नरमलो. मोंढ्यातल्या माणसाला तराजूपुढे काय बोलता येणार?

हे सारे आम्ही एका सायंकाळी नव्या मोंढ्यात हमालांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो. कडेला धान्य चाळणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "भाऊ, पोत्याचं वजन तुम्ही केलं. आमच्या टोपल्याचं कुणी करायचं?"

वीस वर्षे आम्ही त्या बायांच्या शेजारून ये-जा करीत होतो. संघटनेच्या वहीत त्यांपैकी एकीचेही नाव नव्हते. सांडलेले धान्य झाडून नेतात, तीच त्यांची मजुरी, असे आम्हीही धरून चाललो होतो. जुनी माणसे 'नशीब' म्हणत. आम्ही 'रीत' म्हणत होतो, इतकाच फरक.

पुढच्या शनिवारी आम्ही अभ्यासमंडळात ग्रंथ नेला नाही. आठ दिवस त्या बायांजवळ बसून टोपल्या मोजल्या होत्या, तो हिशेब नेला. प्राध्यापकांनी तो तासभर तपासला आणि दोन ठिकाणी आमची बेरीज चुकलेली दाखवून दिली.