रस्ता अरुंद केला, की वेळ वाचतो

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचा विषय निघाला, की पहिलं कौतुक त्याच्या डांबराचं होतं. 1970च्या दशकात ‘रेकॉन्डो’ कंपनीनं बांधलेल्या या रस्त्यावर कित्येक पावसाळे खड्डा पडला नाही. कौतुक रास्तच आहे, पण ते चाकांच्या बाजूनं केलेलं आहे. 2016मध्ये महापालिकेनं रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि त्यानंतर याच रस्त्याचे पदपथ रुंद झाले, बाकं आली, मुलांची खेळणी आली, शेजारून सायकल मार्ग आखला गेला. धावता रस्ता असा आक्रसायचा कशाला?

याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात सापडतं. ताशी 50 किलोमीटरनं जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर कापते. समोर कुणी आलेलं दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. म्हणजे 14 मीटर संपतात, तरी वेग तोच! तीच मोटार ताशी 30नं येत असेल, तर कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावून साधारण तेवढ्या अंतरात पूर्ण थांबते. त्या टोकाला एखादं मूल उभं असेल, तर फरक जीवन-मरणाचा आहे. शिवाय धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 30वरून 50वर गेलं की ती पावणेतीनपट होते.

वेगमर्यादेचा फलक लावून हे साधत नाही. चालक समोरची मोकळी जागा पाहून वेग ठरवतो. मार्गिका ऐसपैस असली, कोपऱ्याचं वळण मोठ्या गोलाईचं असलं, की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. मार्गिका थोडी आवळली आणि कोपरा टोकदार केला, तर वळताना वेग कमी करावाच लागतो.

ओलांडणाऱ्याचा हिशेबही बदलतो. सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 14 मीटर ओलांडायला बारा सेकंद लागतात; दोन्हीकडचे पदपथ पुढे आणून अंतर 9 मीटर केलं, तर साडेसात. गुडघेदुखीच्या आजींना तर त्याहून जास्त वेळ वाचतो, कारण त्यांचा वेग मुळातच कमी.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांप्रमाणे पदपथावर किमान 1.8 मीटर रुंदीची वाट अडथळ्यांविना मोकळी हवी आणि पदपथाची उंची 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे याच पट्ट्यात विजेचा डीपी, दुकानाची पायरी आणि उभी केलेली स्कूटर असते. लोक रस्त्यावरून चालतात ते हौसेनं नव्हे.

सायकलस्वारासाठी नुसती रंगवलेली रेघ पुरत नाही. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. संतापलेले पालक रस्त्यावर उतरले, त्यात तेलटंचाईची भर पडली आणि त्या देशानं मोटारींपासून वेगळे, सलग सायकल मार्ग बांधायला घेतले. पुण्यातले सायकल मार्ग नेमके चौकात तुटतात आणि मध्येच दुचाकींना आसरा देतात.

त्यामुळे आता खरं काम चौकातलं आहे. झेब्रा पट्टा पदपथाच्याच पातळीवर उचलून घेता येतो. मग माणसाला खाली उतरावं लागत नाही. मोटारीला वेग कमी करून चढावं लागतं, आणि चाकाची खुर्चीसुद्धा सरळ पलीकडे जाते.