भूवापर प्रतिमान (वाहतूक नियोजन)

भूवापर प्रतिमान म्हणजे एखाद्या प्रदेशात भविष्यकाळात घरे, कारखाने, कार्यालये आणि दुकाने कोठे वसतील याचा अंदाज बांधणारी गणिती रचना होय. प्रादेशिक वाहतूक नियोजनात ही रचना प्रवासाच्या मागणीचा अंदाज देणाऱ्या प्रतिमानाला जोडून वापरली जाते. वीस-पंचवीस वर्षांनंतर कोणत्या रस्त्यावर किती वाहने धावतील हे काढण्यासाठी त्या वेळी लोक कोठे राहत असतील व कोठे काम करत असतील हे आधी ठाऊक असावे लागते. लोक कोठे राहतील हे मात्र पुष्कळ अंशी रस्ते आणि रेल्वे कोठून जातात यावरच अवलंबून असते. या परस्परावलंबनाचा हिशेब ठेवणे हे भूवापर प्रतिमानाचे मुख्य प्रयोजन आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९५० च्या दशकात डेट्रॉईट व शिकागो येथील वाहतूक अभ्यासांतून नियोजनाची चार टप्प्यांची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत प्रदेशाचे लहान विभाग पाडले जातात. प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतील, त्या कोणत्या विभागाकडे जातील, कोणत्या साधनाने होतील व कोणत्या मार्गाने जातील हे क्रमाने काढले जाते. १९६२ च्या संघीय महामार्ग कायद्याने ५०,००० हून अधिक लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांत रस्त्यांसाठी संघीय निधी मिळवायचा असल्यास सातत्याने व सर्वंकष नियोजन करणे आवश्यक ठरवले.

विभागवार लोकसंख्या व रोजगार यांचे आकडे या पद्धतीत बाहेरून पुरवले जातात. त्यामुळे प्रस्तावित महामार्ग बांधला तरी आणि न बांधला तरी आकडे तेच राहतात. याचा परिणाम दुहेरी होतो. महामार्गाविना केलेल्या गणनेत दूरच्या शेतजमिनीवर उभी राहणारी वसाहत गृहीतच धरलेली असल्याने जुने रस्ते अतोनात तुंबलेले दिसतात. महामार्गासह केलेल्या गणनेत ती कोंडी फुटलेली दिसते, पण त्या महामार्गामुळे वाढणारी वसाहत आणि तिच्या नव्या फेऱ्या मोजल्या जात नाहीत. म्हणजे रस्त्याची गरज फुगते आणि त्याचे दुष्परिणाम झाकले जातात.

शिकागो टोलमार्ग खटला

हा दोष १९९७ मध्ये न्यायालयात तपासला गेला. शिकागोच्या नैर्ऋत्येस विल परगण्यात आंतरराज्य महामार्ग ३५५ दक्षिणेकडे वाढवण्याचा प्रस्ताव होता. त्याच्या पर्यावरणीय परिणाम अहवालात लोकसंख्येचा एकच अंदाज मार्ग बांधण्याच्या आणि न बांधण्याच्या अशा दोन्ही पर्यायांसाठी वापरला होता. तो अंदाज करताना मार्ग होणार असे धरलेले होते. सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेसह काही संघटनांनी त्यास आव्हान दिले. मार्ग झाला काय किंवा न झाला काय, वाहतुकीची गरज सारखीच राहील हे गृहीतक न पटणारे आहे, असे संघीय जिल्हा न्यायालयाने ठरवले आणि अहवाल अपुरा मानला. त्यानंतर अहवालाची फेरतपासणी झाली व सुमारे २० किलोमीटरचा हा मार्ग अखेर नोव्हेंबर २००७ मध्ये खुला झाला. निकालाने मार्ग थांबला नाही. मात्र दोन पर्यायांसाठी भूवापराचे वेगळे अंदाज का नाहीत, या प्रश्नाला उत्तर देणे नियोजन संस्थांना भाग पडू लागले. १९९० च्या शुद्ध हवा कायद्यातील दुरुस्त्या आणि १९९१ चा भूपृष्ठ वाहतूक कायदा यांनीही त्याच दिशेने दबाव आणला होता.

युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी परिसरात लेगसी महामार्गाच्या वादातून उद्भवलेल्या खटल्यात न्यायालयाबाहेर तडजोड झाली. तिचा परिणाम म्हणून तेथील प्रादेशिक परिषदेने भूवापर आणि वाहतूक यांची प्रतिमाने एकत्र जोडून त्यांची चाचणी घेतली.

प्रमुख प्रतिमाने

वॉल्टर हॅन्सन यांनी १९५९ मध्ये मांडले की, रिकाम्या जमिनीवर वस्ती किती होईल हे तेथून रोजगारापर्यंत पोहोचणे किती सुलभ आहे यावर ठरते. आयरा लाउरी यांनी १९६४ मध्ये पिट्सबर्गसाठी रँड संस्थेत तयार केलेले प्रतिमान पुढील बहुतेक कामाचा पाया ठरले. त्यात पोलाद कारखान्यांसारखे मूलभूत रोजगार आधी नकाशावर ठेवले जातात. त्यांचे कामगार प्रवासाच्या अंतरानुसार आसपास वसवले जातात, त्या कुटुंबांसाठी दुकाने व शाळा येतात, त्यांतील कर्मचाऱ्यांनाही घरे लागतात. आकडे स्थिरावेपर्यंत हे चक्र चालवले जाते. जमिनीचा भाव लाउरींच्या प्रतिमानात जवळजवळ नाहीच. ती उणीव केंब्रिज येथे मार्सियल एचेनिके यांच्या पुढाकाराने विकसित झालेल्या मेप्लॅनने आणि पुढे पॉल वॅडेल यांच्या अर्बनसिमने भरून काढली. अर्बनसिममध्ये एकेक कुटुंब, व्यवसाय व बांधकाम व्यावसायिक यांचे निर्णय वर्षागणिक अनुकरणाने काढले जातात.

टीका आणि मर्यादा

डग्लस ली यांनी १९७३ मध्ये मोठ्या प्रतिमानांची सात पापे मोजली. त्यांची विदेची भूक, अतिगुंतागुंत आणि खर्च या तक्रारी संगणक स्वस्त झाल्यावरही पूर्णपणे मिटलेल्या नाहीत. शिवाय प्रदेशाची एकूण लोकसंख्या सहसा बाहेरूनच ठरवलेली असते. प्रतिमान ती फक्त विभागांत वाटते. या वाटपात स्थानिक राजकारणही शिरते. वाढीचा मोठा आकडा म्हणजे निधीवरील मोठा हक्क, हे ओळखून नगरपालिका आपापल्या आकड्यांसाठी आग्रह धरतात. म्हणून लहान प्रदेशांत आजही तज्ज्ञांच्या गटाने चर्चेतून ठरवलेले अंदाज वापरले जातात. सांख्यिकीय काटेकोरपणात ते उणे असले तरी गृहीतके कोणाची आहेत हे त्यांत निदान दिसते.

भारतातील वापर

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्ये भूवापर व वाहतूक यांचे एकत्रित नियोजन करण्याचा पुरस्कार केला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात २०३१ सालासाठी लोकसंख्या आणि रोजगार यांच्या वितरणाचे अनेक पर्याय मांडून त्यांवर वाहतुकीचे जाळे तपासले गेले. नव्या मार्गाला वस्ती कसा प्रतिसाद देईल हे प्रतिमानातून काढण्यापेक्षा वस्तीचे संभाव्य चित्र आधी मांडून घेण्याची ही पद्धत आहे. भूखंडवार विदा आणि जमिनीच्या खऱ्या व्यवहाराचे भाव सहज उपलब्ध नसलेल्या ठिकाणी ती सोयीची पडते.