बेसेमरच्या पोराने मोठ्या घराला दिलेला नकार

अमेरिकेत दर हिवाळ्यात एक सोहळा होतो. शाळेच्या शेवटच्या वर्गातला एक पोरगा टेबलामागे बसतो. समोर दोन-तीन टोप्या मांडलेल्या असतात. प्रत्येक टोपीवर एकेका विद्यापीठाचे बोधचिन्ह असते. आई शेजारी, भावंडे मागे, समोर कॅमेरे. पोरगा एक टोपी उचलून डोक्यावर ठेवतो आणि त्या राज्यातली अर्धी माणसे नाचू लागतात, अर्धी शिव्या देऊ लागतात. पोराने काय ठरवलेले असते? पुढची तीन-चार वर्षे कोणत्या कॉलेजसाठी फुटबॉल खेळायचा, एवढेच.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. तो लांबट चेंडू हातात धरून, अंगावर जाड चिलखत चढवून खेळायचा धसमुसळा खेळ आहे. आमच्या वाचकांनी त्याचे नियम शिकावेत असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या टोपीमागे एक इतिहास दडलेला आहे आणि तो आमच्या वाचकांना कळल्यावाचून राहणार नाही. दाराबाहेर उभे केलेल्या माणसाला एक दिवस दोन दारे उघडी मिळतात. तेव्हा तो कोणत्या दारात जातो आणि आत जाण्याआधी काय विचारतो, असा तो इतिहास आहे.

अलाबामा हे अमेरिकेच्या दक्षिणेतले राज्य, एकेकाळी कापसाचे आणि गुलामीचे. तिथे दोन मोठी सरकारी विद्यापीठे आहेत. एक टस्कलूसा गावचे अलाबामा विद्यापीठ. ते १८३१ साली सुरू झाले. राज्याचे पुढारी, वकील, न्यायाधीश तिथूनच निघत. दुसरे ऑबर्न. ते पुढे शेतकी आणि यंत्रविद्येचे कॉलेज म्हणून वाढले. टस्कलूसावाल्यांनी ऑबर्नवाल्यांकडे कायम 'शेतकऱ्यांचे कॉलेज' म्हणून बघितले. या दोघांच्या फुटबॉल सामन्याला 'आयर्न बोल' म्हणतात, कारण तो अनेक वर्षे बर्मिंगहॅम या लोखंड-पोलादाच्या शहरात होत असे. १९०७ नंतर भांडणामुळे हा सामना चाळीस वर्षे बंद होता. १९४८ साली तो पुन्हा सुरू झाला. त्या राज्यात जन्मलेल्या माणसाला विचारतात, तू कोणाचा? मधला पर्याय नाही.

पण एका जनतेला हा प्रश्नच कोणी विचारत नव्हते. कृष्णवर्णीयांना दोन्ही दारे बंद होती. १९५६ साली ऑथरीन ल्युसी ही कृष्णवर्णीय तरुणी न्यायालयाचा हुकूम घेऊन अलाबामा विद्यापीठात गेली. गोऱ्यांच्या जमावाने दंगल केली. विद्यापीठाने दंगलखोरांना आवरायचे सोडून तिलाच काढून टाकले. ११ जून १९६३ रोजी राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः दारात उभा राहिला. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी! केंद्र सरकारने सैनिक आणले तेव्हा हा पुढारी बाजूला झाला. ऑबर्नमध्ये पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी हॅरॉल्ड फ्रँकलिन १९६४ च्या जानेवारीत दाखल झाला. वाचकहो, दारात उभे राहून वाट अडवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांची जात कोणत्याही देशात एकच असते.

वर्गाचे दार असे उघडले, तरी मैदानाचे दार आणखी काही वर्षे बंदच राहिले. अलाबामाचा प्रशिक्षक पॉल ब्रायंट, ज्याला लोक 'बेअर' म्हणत, हा त्या राज्यात देवासारखा. त्याच्या संघात १९७० पर्यंत एकही कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक खेळाडू नव्हता. राज्यातली गुणी कृष्णवर्णीय पोरे टस्कीगीसारख्या स्वतःच्या कॉलेजांत जात, नाहीतर उत्तरेची वाट धरत.

याबाबत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. सप्टेंबर १९७० मध्ये कॅलिफोर्नियाचा मिश्र संघ बर्मिंगहॅमला आला. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने अलाबामाला लोळवले. सामना ४२-२१ असा गेला, आणि म्हणे त्या रात्री ब्रायंटचे डोळे उघडले. गोष्ट गोड आहे, पण अर्धीच आहे. त्याआधीच, १९६९ साली, अलाबामा विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने ब्रायंटवर न्यायालयात दावा लावला होता, आमच्या पोरांना संघात का घेत नाही म्हणून. विल्बर जॅक्सन हा अलाबामाचा पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक फुटबॉलपटू त्या सामन्याच्या आधीच घेतला गेला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळू देत नसत, म्हणून तो त्या दिवशी मैदानाबाहेर होता. ऑबर्ननेही फेअरफील्ड गावच्या जेम्स ओवेन्सला १९६९ मध्येच घेतले होते. म्हणजे दार संघटित विद्यार्थ्यांनी ढकलले आणि इतिहासाने श्रेय दिले प्रशिक्षकाच्या मनपरिवर्तनाला. शोषितांचा लढा पुसून वरच्याच्या उदारतेची आरती ओवाळणे ही खोड आम्हाला चांगली ठाऊक आहे.

दार उघडले म्हणजे सगळे मिळाले असेही नव्हे. हंट्सव्हिल गावचा काँड्रेज हॉलोवे हा क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. चेंडू कोणाकडे जाणार ते तो ठरवतो, बाकीचे त्याचा हुकूम पाळतात. ब्रायंटने त्याला स्पष्ट सांगितले की अलाबामा अजून कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकसाठी तयार नाही. धावायला, धडक द्यायला कृष्णवर्णीय चालेल, हुकूम द्यायला चालणार नाही. हॉलोवे शेजारच्या टेनेसी राज्यात गेला आणि १९७२ मध्ये दक्षिणेतल्या त्या मोठ्या विद्यापीठगटातला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. आमच्या वाचकांना इथे पळवणकर बाळू आठवल्यावाचून राहणार नाहीत. बाळूंची गोलंदाजी हिंदू संघाला हवी होती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण कप्तानपद? ते त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते मिळायला १९२३ साल उजाडले. श्रम तुमचे, हुकूम आमचा. अलाबामा असो की मुंबई, हिशेब एकच.

आता बेसेमरच्या पोराकडे येऊ. बेसेमर हे बर्मिंगहॅमलगतचे लोखंडाचे गाव. तिथे १९६२ साली व्हिन्सेंट जॅक्सन जन्मला, दहा भावंडांतला आठवा. लोक त्याला 'बो' म्हणत. बोलताना तो अडखळत असे. आई फ्लॉरेन्स साफसफाईची कामे करून एवढी पोरे वाढवत होती. पोरगा मात्र विलक्षण निघाला. धावणे, उड्या, बेसबॉल, फुटबॉल, सगळ्यात पुढे. १९८२ मध्ये शाळा संपताच न्यूयॉर्कच्या नामांकित व्यावसायिक बेसबॉल संघाने, यांकीजने, त्याची निवड केली. म्हणजे ताबडतोब मोठा पैसा. आईला मात्र पोरगा कॉलेजात गेलेला बघायचा होता. पोराने पैसा बाजूला ठेवला.

कॉलेज कोणते? टस्कलूसा घरापासून तासाभराच्या वाटेवर. तिथे ब्रायंट, तिथे अजिंक्यपदे, तिथे नाव. ऑबर्न १९७३ पासून ओळीने नऊ वर्षे अलाबामाकडून हरत आलेले. कोणीही म्हणावे, पोरगा अलाबामालाच जाणार. पण बो जॅक्सनने पुढे सांगितले आहे की अलाबामाकडून त्याला असे सुचवले गेले होते, की पहिली दोन वर्षे तुला फारसे खेळायला मिळणार नाही. मोठे घर आहे, अंगणात उभा राहा, वेळ आली की बोलावू! ऑबर्नचा प्रशिक्षक पॅट डाय म्हणाला, आमच्याकडे ये, पहिल्या वर्षापासून जागा मिळवायची संधी मिळेल. बो ऑबर्नला गेला.

२७ नोव्हेंबर १९८२. बर्मिंगहॅमचे मैदान. ब्रायंटचा हा शेवटचा आयर्न बोल होता. अलाबामा २२, ऑबर्न १७. शेवटची काही मिनिटे उरलेली, गोलरेषा हातभर अंतरावर, चौथा आणि अखेरचा प्रयत्न. समोर माणसांची भिंत. पहिल्या वर्षाच्या त्या पोराच्या हातात चेंडू दिला गेला. तो भिंतीला भिडला नाही, भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेला. ऑबर्न २३, अलाबामा २२. नऊ वर्षांची हार संपली. ज्याला दोन वर्षे थांब म्हटले होते, त्याने पहिल्याच वर्षी हिशेब चुकता केला. १९८५ मध्ये देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइस्मन करंडकही त्यालाच मिळाला.

इथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण आम्हाला पुढचा हिशेबही मांडायचा आहे. त्या चार वर्षांत ऑबर्नची तिकिटे विकली गेली, नाव झाले, देणग्या आल्या. बो जॅक्सनला शिक्षण, राहणे आणि जेवण मिळाले. एक पैसाही मजुरी घेता येत नव्हती, कारण नियमाप्रमाणे हे 'हौशी' खेळाडू! प्रशिक्षक मात्र हौशी नव्हता. अलीकडे अलाबामाच्या प्रशिक्षकाचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर गेला होता. हौस फक्त घाम गाळणाऱ्यानेच करायची असते काय?

आणि पदवी? १९८६ मध्ये बो व्यावसायिक खेळात गेला तेव्हा पदवी अपुरी होती. त्याने बेसबॉल आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत देशभर नाव कमावले. १९९१ मध्ये कमरेच्या दुखापतीने फुटबॉल कायमचा सुटला. १९९२ मध्ये आई गेली. तिला पदवीचे वचन दिलेले होते. तो पुन्हा ऑबर्नला गेला आणि १९९५ मध्ये पदवी घेतली. गुडघा, खांदा, कंबर कधी मोडेल सांगता येत नाही. पदवी मोडत नाही. पोरे साफसफाई करून वाढवणाऱ्या आईला हे कळले होते, म्हणून आम्ही त्या आईला नमस्कार करतो.

आज चित्र बदलले आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षीपासून त्यांना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येऊ लागले. २०२५ च्या तडजोडीनंतर विद्यापीठे आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देऊ लागली आहेत. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणेही सोपे झाले. 'पोरे पैशाला हपापली' अशी ओरड आता सुरू आहे. ही ओरड करणारे प्रशिक्षकाच्या पगारावर कधी बोलले नव्हते.

पण मैदानावरून नजर वळवून वर्गात डोकावा. अलाबामा राज्यात चौघांतला एक माणूस कृष्णवर्णीय आहे. ऑबर्नच्या विद्यार्थ्यांत मात्र त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी आहे. मैदानात काळे खांदे हवेत, बाकावर नकोत! त्यात २०२४ मध्ये राज्याने कायदा करून सरकारी विद्यापीठांतल्या वंचित गटांसाठीच्या विविधता कार्यालयांना बंदी घातली. त्याच उन्हाळ्यात अलाबामा विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेची जागा काढून घेण्यात आली. कायद्याची चर्चा चालू असताना बर्मिंगहॅमचे कृष्णवर्णीय महापौर रँडल वूडफिन यांनी जाहीर इशारा दिला होता, की हा कायदा झाला तर आपण कृष्णवर्णीय खेळाडूंना आणि त्यांच्या पालकांना राज्याबाहेरची विद्यापीठे निवडायला सांगू. स्वतः अलाबामा संघाचा चाहता असलेला माणूस हे म्हणाला. एकट्या पोराने उचललेली टोपी ही त्याची पसंती असते. हजार पोरांनी मिळून न उचललेली टोपी ही चळवळ होते.

अलाबामाशी आमचे नाते जुने आहे. याच राज्यातल्या लाउंड्स परगण्यात १९६० च्या दशकात कृष्णवर्णीयांनी मतदानासाठी संघटना उभारली आणि काळा चित्ता हे चिन्ह घेतले. तो चित्ता कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथरकडे गेला आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर होऊन गरजला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली होती. म्हणून ही गोष्ट आम्ही परकी मानत नाही.

आमच्या वस्तीतले पोर बारावी पास होते तेव्हा त्याच्यासमोरही दोन-तीन टोप्या असतात. कॅमेरे नसतात एवढेच. एक कॉलेज नावाचे मोठे असते, दुसरे कमी नावाचे. आपण दिपून जातो आणि मोठ्या नावाकडे धावतो. जरूर धावावे, ते दारही आपलेच आहे. पण आत पाऊल टाकण्याआधी बेसेमरच्या पोराने आणि त्याच्या आईने मिळून विचारले ते दोन प्रश्न विचारावेत. तुमच्याकडे मला उभे राहायला जागा मिळेल, की अंगणात थांबावे लागेल? आणि शेवटी माझ्या हातात पदवी असेल की नाही?

उत्तर सरळ मिळाले नाही तर दुसरी टोपी उचलावी. ती उचलायचा अधिकार कोणी दान म्हणून दिलेला नाही. ऑथरीन ल्युसीने त्याची किंमत चुकती केलेली आहे, आणि आमच्या बापजाद्यांनीही.