जुना सर्व्हर आणि इनामगावची पेवं

इनामगावच्या एका वाचकांनी विचारलं आहे: एका कंपनीनं मोडीत काढलेला रॅक सर्व्हर १५ हजारांत मिळतोय. दोन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम. घरचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, सातबाऱ्यांच्या प्रती, सगळं एका जागी राहील. घ्यावा का?

आधी मीटरकडे बघू. असं यंत्र नुसतं बसून राहिलं तरी सहज १५० वॉट खातं. म्हणजे रोज ३.६ युनिट, महिन्याला १०८. युनिटला १० रुपये धरले तर चौदा महिन्यांत विजेच्या बिलातून तुम्ही तोच सर्व्हर पुन्हा विकत घेतलेला असतो. आवाजाचं तर विचारूच नका. चपट्या सर्व्हरची उंची जेमतेम ४४ मिलिमीटर, त्यामुळे आतले पंखे काडेपेटीहून थोडे मोठे. एवढ्याशा पात्यांनी पुरेशी हवा ओढायची तर मिनिटाला दहा हजारांवर फेरे घ्यावे लागतात. ओट्यावरचा मिक्सर कुणीतरी चालूच ठेवून गेलंय, असं वाटत राहतं.

जुन्या यंत्राचा खर्च खरेदीनंतर सुरू होतो, हे आपल्याकडे फार पूर्वी कळलं होतं. आयबीएमनं १९५९ साली १४०१ हा संगणक जाहीर केला. परदेशात वापरून झालेले १४०१ पुढं मुंबईच्या कारखान्यात डागडुजी करून इथं भाड्यानं दिले जात. जुनं यंत्र आणि त्यावर महिन्याचं भाडं! त्यावरून दिल्लीत बरंच वाजलं. १९७८ मध्ये आयबीएमनं देश सोडला, आणि मागे राहिलेली यंत्रं चालती ठेवायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीच्या इंजिनिअरांवर आलं. संगणकाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावं येतात; दुसऱ्याची जुनी यंत्रं वर्षानुवर्षं जागती ठेवणाऱ्यांची येत नाहीत. (१४०१च्या सर्वांत लहान मॉडेलची स्मृती १,४०० अक्षरांची होती. हा लेख त्यात मावला नसता.)

सर्व्हरमध्ये खरंच घेण्याजोगं काही असेल तर ती त्याची रॅम. ० चा चुकून १ झाला तर ती चूक हेरून जागच्या जागी दुरुस्त करते. मूळ युक्ती बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगची. शनिवार-रविवारी लावून ठेवलेली त्याची गणितं यंत्र चूक सापडताच सोडून द्यायचं. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर कुठं झाली हे का कळू नये, या चिडीतून १९५०चा त्याचा प्रसिद्ध लेख आला.

पण डिस्कच जळली तर? त्यासाठी दोन डिस्कवर तीच माहिती ठेवतात म्हणे. ठेवतात; पण एकाच खोक्यात. वीज कडाडली, व्होल्टेज उसळलं की दोन्ही एकदम जातात. याबाबतीत इनामगावकरांनी बाहेर कुणाला विचारायची गरजच नाही. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी घोड नदीकाठी जी ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणून काढली, तिथं धान्य साठवायच्या दोन्ही तऱ्हा सापडल्या: जमिनीत खणून लिंपलेली पेवं, आणि कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटे. ओल आली तर पेवाला धोका, आग लागली तर कणगीला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचा हिशेब काय होता ते आपण त्यांना विचारू शकत नाही, पण मला तरी हा चोख बॅकअप वाटतो.

तेव्हा तो सर्व्हर घेऊ नका. ऑफिसांतून निघालेला एखादा छोटा डेस्कटॉप बघा. तो नुसता चालू असताना १५ वॉटच्या आसपास घेतो, महिन्याला अकरा युनिटांच्या आत. डिस्क मात्र नव्या घ्या. आणि तिसरी डिस्क, दर दिवाळीला ताजी करून, पुण्यातल्या बहिणीच्या कपाटात ठेवा.