जॅझ युग आणि गोमंतकाच्या गायिका

विसाव्या शतकाचे तिसरे दशक अमेरिकेच्या इतिहासात ‘जॅझ युग’ म्हणून ओळखले जाते. ऑगस्ट १९२० मध्ये तेथील राज्यघटनेच्या एकोणिसाव्या दुरुस्तीने स्त्रियांच्या मताधिकाराला मान्यता मिळाली. कापलेले केस, आखूड झगे आणि नृत्यगृहांतील मोकळा वावर ही नव्या तरुणीची ओळख ठरली. त्याच महिन्यात मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. ती तबकडी विलक्षण खपली आणि बेसी स्मिथसारख्या गायिकांचा मार्ग खुला झाला. मात्र गाण्याला मिळणारी दाद वर्णभेदाची भिंत पाडू शकली नाही.

त्याच काळात मराठी मुलखातही स्त्री आणि लोकरंजन यांचे नाते बदलत होते. नामवंत नाटक मंडळ्यांतून स्त्रीभूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांची नेसण आणि केशरचना यांचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत. म्हणजे स्त्रीने कसे दिसावे, याचा आदर्श एक पुरुष नट घालून देत होता. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या, परंतु त्यांना तेवढी प्रतिष्ठा नव्हती. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर अशाच सातारकर स्त्री संगीत मंडळीत काही काळ होत्या.

गोमंतकात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. देवालयांच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतील मुलींना गायन-नृत्याचे शिक्षण मिळे, पण विवाहाची प्रतिष्ठा नाकारली जाई. घरंदाज स्त्रीला प्रतिष्ठा होती, पण चारचौघांत गाण्याची मुभा नव्हती. समाजसुधारकांनी ही प्रथा मोडण्यासाठी चळवळ उभारली, ती न्याय्यच होती. परंतु प्रतिष्ठेसाठी गाणेच सोडायचे काय, हा पेच त्यातून उभा राहिला.

फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकरांनी या पेचाला आपल्या गायनाने उत्तर दिले. १९२१ पासून त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे कठोर तालीम घेतली आणि पुढे देशातील अग्रगण्य गायिका म्हणून मान मिळवला. मोगूबाईही त्याच परंपरेत घडल्या. पुढे बांदोड्याच्या ज्योत्स्ना भोळे यांनी १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात भूमिका केली. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी, हा विचार त्या प्रयोगाने रुजवला.

अमेरिकेतील तरुणीचे बंड पोशाखातून आणि नृत्यातून दिसले. आपल्याकडे लुगडे तेच राहिले, तंबोराही तोच राहिला. बदलले ते गाणारीचे समाजातील स्थान. म्हणूनच हे परिवर्तन डोळ्यांत भरले नाही, आणि अभिजात संगीताच्या इतिहासात त्याची स्त्री-स्वातंत्र्याच्या अंगाने नोंदही फारशी झाली नाही.

या दोन प्रवाहांची भेट पुढे अनपेक्षित ठिकाणी झाली. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांसोबत अंतराळात धाडलेल्या सुवर्ण तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचे १९२७ मधील जॅझवादन आहे आणि केसरबाईंची भैरवीही आहे. दुसरे यान झेपावल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी केसरबाई निवर्तल्या. केरीच्या या कन्येचा स्वर मात्र आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे पोहोचला आहे.